वीजनिर्मितीचे बालशिक्षण आणि हाताळणीची संग्रहालये : कागल परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

लहान मुलाला विजेविषयी घरात मिळणारा पहिला धडा नकाराचा असतो. ओल्या हाताने बटण दाबू नये, प्लगमध्ये बोट घालू नये, लोंबकळत्या तारेजवळ जाऊ नये. हा धडा आवश्यकच आहे आणि त्याविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. पुढे तेच मूल शाळेत जाते तेव्हा वीज त्याला वहीतील आकृतीच्या रूपाने भेटते. डाव्या बाजूस धरण, मग बोगदा, टर्बाइन, जनित्र, रोहित्र, मनोरे आणि उजव्या बाजूस छोटेसे घर. आकृतीला नावे दिली की गुण मिळतात. घराने जिला स्पर्श करण्यास मनाई केली आणि शाळेने जी केवळ रेखाटावयास सांगितली, ती वीज मुलांना हाताळून शिकवता येईल काय, हा प्रश्न विसाव्या शतकात शाळांपेक्षा संग्रहालयांनी अधिक गांभीर्याने घेतला.

प्रस्तुत लेखात त्या प्रयत्नाचा मागोवा घेतला आहे. हा मागोवा कागल पंचतारांकित औद्योगिक वसाहतीच्या परिसरात उभे राहून घेतला आहे, यास कारण आहे. कागल आणि हातकणंगले या दोन तालुक्यांत पसरलेल्या या वसाहतीत वीज केवळ वापरली जात नाही, तर वीज निर्माण करणाऱ्या यंत्रांचे भागही येथे घडतात. किर्लोस्कर ऑईल इंजिन्सचा कारखाना याच वसाहतीत असून तेथील इंजिने जनित्रसंचांसाठी वापरली जातात. कोल्हापूरच्या फाउंड्री व्यवसायाने पिढ्यान्पिढ्या कमावलेले ओतकामाचे आणि यंत्रकामाचे कौशल्य याच पट्ट्यात एकवटले आहे. कागलजवळून दूधगंगा वाहते आणि तिच्यावरील काळम्मावाडी धरणाच्या पायथ्याशी २४ मेगावॅटचे जलविद्युतगृह आहे. तालुक्यातील साखर कारखान्यांत उसाच्या बगॅसपासून सहवीजनिर्मिती होते. 'पंचतारांकित' हे विशेषण हॉटेल व्यवसायाकडून उसने घेतलेले आहे. औद्योगिक वसाहतीच्या बाबतीत त्याचा अर्थ रस्ते, पाणी, वीज, दळणवळण आदी सोयींची हमी असा होतो. म्हणजे पाच ताऱ्यांपैकी निदान एक तारा विजेचा आहे. तरीही या वसाहतीत काम करणाऱ्यांची मुले वीजनिर्मिती शिकतात ती वहीतील आकृतीवरूनच.

१९६२ : एका वर्षातील तीन आरंभ

पश्चिम महाराष्ट्राच्या आधुनिक इतिहासात १९६२ हे वर्ष लक्षणीय आहे. त्या वर्षी मे महिन्यात कोयना प्रकल्पाच्या पोफळी येथील भूमिगत वीजगृहातील पहिला संच सुरू झाला. १ ऑगस्ट रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली. १८ नोव्हेंबर रोजी कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले. वीज, उद्योग आणि उच्च शिक्षण या तिन्हींचा आरंभ अवघ्या सहा-सात महिन्यांच्या अंतराने झाला. नव्या राज्याची उमेद त्यात दिसते. परंतु पुढील काळात या तिन्ही संस्थांची कुंपणे वेगवेगळी राहिली. विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागातील ज्ञान, वसाहतीतील यंत्रशाळेतील ज्ञान आणि वीजगृहातील ज्ञान यांची भेट प्राथमिक शाळेच्या वर्गात व्हावी, अशी योजना कोणाच्याही कामाचा भाग नव्हती.

याहून मागे गेल्यास कागलच्याच एका सुपुत्राच्या कारभारात पाणी आणि शाळा हे दोन्ही विषय एकाच टेबलावर आलेले दिसतात. राजर्षी शाहू महाराजांचा जन्म कागलच्या घाटगे घराण्यात १८७४ साली झाला. १९०७ मध्ये त्यांनी भोगावती नदीवरील धरणाचा संकल्प केला आणि १९१७ मध्ये संस्थानात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. राधानगरी धरणाचे काम महाराजांच्या हयातीत पूर्ण झाले नाही आणि त्यांचा मुख्य रोख शेतीच्या पाण्यावर होता. वीजगृह धरणाच्या पायथ्याशी पुढील काळात आले. त्यामुळे राधानगरीला वीजप्रकल्प म्हणून सर्वस्वी महाराजांच्या खात्यावर मांडण्याचा मोह अभ्यासकाने आवरावा, असे प्रस्तुत लेखकास वाटते. मात्र आज दर पावसाळ्यात कोल्हापूरकर वर्तमानपत्रात धरणाच्या सात स्वयंचलित दरवाजांची बातमी वाचतात, प्रत्येक दरवाजातून १४२८ क्युसेक विसर्ग सुरू झाल्याचे वाचतात आणि त्याच ओळीत 'वीजगृहातून' सोडलेल्या पाण्याचा आकडाही वाचतात. वाचकाचे लक्ष पंचगंगेच्या पातळीकडे असते, ते स्वाभाविकच आहे. परंतु त्या ओळीतील दुसऱ्या आकड्याचा अर्थ मुलांना समजावून सांगणारे ठिकाण हवे होते.

म्युनिकचा धबधबा

असे ठिकाण म्हणजे संग्रहालय, ही कल्पना प्रथम ज्याच्या मनात ठामपणे आली तो मनुष्य वीजतज्ज्ञच होता, ही बाब सहसा दुर्लक्षिली जाते. ओस्कर फॉन मिलर याने १८८२ मध्ये म्युनिक येथे विजेचे प्रदर्शन भरवले. मिसबाख येथून ५७ किलोमीटर अंतरावर वीज वाहून आणण्याचा प्रयोग त्या प्रदर्शनात झाला. १८९१ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात त्याने याहून धाडसी प्रयोग घडवला. नेकार नदीवरील लाउफेन येथे पाण्यावर निर्माण केलेली वीज १७५ किलोमीटर अंतरावर आणून प्रदर्शनाच्या प्रवेशद्वारी सुमारे एक हजार दिवे लावले गेले आणि त्याच विजेवर पंप चालवून एक कृत्रिम धबधबा उभा करण्यात आला. नदीचे पडणारे पाणी तारेतून येऊन पुन्हा पडणारे पाणी झाले. वीजनिर्मिती शिकवणारी याहून चांगली प्रदर्शवस्तू त्यानंतरच्या शतकात क्वचितच झाली असेल.

याच मिलरने १९०३ मध्ये म्युनिकच्या 'डॉइचेस म्युझियम'ची स्थापना केली. त्याची मुख्य इमारत १९२५ मध्ये खुली झाली. त्याच्या आदल्याच वर्षी त्याच्या प्रेरणेने उभारलेले वाल्खेनसे येथील जलविद्युतगृह सुरू झाले होते. या संग्रहालयात यंत्रे काचेआड न ठेवता कापून आतला भाग दाखवण्याची, बटण दाबून प्रतिकृती चालवण्याची आणि दांडा फिरवून प्रयोग करण्याची सोय होती. येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. मिलर हा वीजप्रकल्पांचा पुरस्कर्ता होता. नद्या अडवून वीज करावी, यासाठी जनमत तयार करणे ही त्याच्या व्यवसायाचीच गरज होती. हाताळणीच्या संग्रहालयाच्या मुळाशी अशा रीतीने शिक्षण आणि प्रचार हे दोन्ही हेतू एकत्र नांदत होते. पुढील विवेचनात या मुद्द्याकडे परत यावे लागेल.

भारतात ही परंपरा थेट म्युनिकहून आली. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र रॉय हे डॉइचेस म्युझियम पाहून प्रभावित झाले होते. घनश्यामदास बिर्ला यांनी दिलेल्या कलकत्त्यातील वास्तूत १९५९ मध्ये बिर्ला औद्योगिक व तंत्रवैज्ञानिक संग्रहालय सुरू झाले. १९६५ मध्ये या संग्रहालयाने फिरते विज्ञान संग्रहालय खेड्यांकडे पाठवले. त्या पहिल्या गाडीचा विषय वीज हाच होता, ही नोंद प्रस्तुत लेखाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. ज्या गावांत घरोघरी वीज पोहोचलेली नव्हती तेथे विजेचे संग्रहालय चाकांवरून पोहोचत होते. १९७८ मध्ये राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषद स्थापन झाली. मुंबईत वरळी येथील नेहरू विज्ञान केंद्राची वाटचाल १९७७ च्या प्रदर्शनापासून सुरू झाली, १९७९ या आंतरराष्ट्रीय बालवर्षात तेथे मुलांसाठी विज्ञान उद्यान झाले आणि १९८५ मध्ये केंद्र पूर्णत्वाने खुले झाले. नागपूरचे रमण विज्ञान केंद्र १९९२ चे. पुण्यात आयुकाच्या आवारात मुक्तांगण विज्ञान शोधिका उभी राहिली आणि अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून केलेल्या खेळण्यांनी हे सिद्ध केले की हाताळणीसाठी मोठ्या इमारतीची पूर्वअट नसते.

बटण आणि दांडा

या इतिहासात दोन साधने एकत्र वावरतात. त्यांच्यातील फरक पुरेसा स्पष्ट केला जात नाही. एक बटण आणि दुसरे दांडा. बटण दाबले की प्रतिकृतीतील धरणाचे निळे दिवे क्रमाने पेटतात, छोटे टर्बाइन फिरते, शेवटी घरातील दिवा लागतो. मूल पुढच्या वस्तूकडे जाते. वस्तुतः या मुलाने जे केले ते त्याने घरी शेकडो वेळा केलेले असते. बटण दाबले आणि दिवा लागला. वीज बटणातून येते ही घरातील समजूत संग्रहालयाने खोडून काढण्याऐवजी अधिक पक्की केली, असे म्हणावे लागते. सॅन फ्रान्सिस्को येथे १९६९ मध्ये फ्रँक ओपेनहायमर याने सुरू केलेल्या 'एक्स्प्लोरेटोरियम'चे ऐतिहासिक महत्त्व याच ठिकाणी आहे. काही वर्षे शाळेत शिकवलेल्या या भौतिकशास्त्रज्ञाने प्रेक्षकाच्या कृतीनुसार परिणाम बदलेल अशा वस्तूंचा आग्रह धरला. बटण एकच उत्तर देते. दांडा किती वेगाने फिरवला आणि त्यावर किती भार टाकला, यावर त्याचे उत्तर अवलंबून असते.

वीजनिर्मितीच्या बाबतीत तर दांडा हे मूळ साधनच आहे. मायकेल फॅरडे याने १८३१ मध्ये लोहचुंबकाच्या ध्रुवांमध्ये तांब्याची तबकडी हाताने फिरवून विद्युतधारा मिळवली. १८३२ मध्ये पॅरिसच्या पिक्सी याने केलेले जनित्रही हातानेच फिरवावयाचे होते. लेन्झ याने १८३४ मध्ये मांडलेला नियम पाठ्यपुस्तकात एका ओळीत येतो. निर्माण होणारी विद्युतधारा ज्या हालचालीमुळे ती निर्माण झाली त्या हालचालीलाच विरोध करते. वर्गात हे वाक्य पाठ होते. हाताला मात्र ते पाठ करावे लागत नाही.

प्रस्तुत लेखकास याचा अनुभव राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात, वसाहतीलगतच्या एका प्राथमिक शाळेत आला. भंगारातून आणलेली एक लोहचुंबकी मोटर उलट वापरून तिचे जनित्र केले होते. मोठ्या चाकाला दांडा, चाकावरून पट्टा आणि पुढे तीन छोटे दिवे, प्रत्येकास स्वतंत्र बटण. तिन्ही बटणे बंद असताना दांडा सहज फिरत होता. पहिला दिवा जोडताच वेग किंचित उतरला. तिन्ही दिवे जोडल्यावर फिरवणारा मुलगा थांबला आणि चाक कोणी धरून ठेवले आहे काय, हे पाहण्यासाठी टेबलाखाली वाकला. त्याच्या या वाकण्यात लेन्झचा संपूर्ण नियम होता. शेजारच्या एका मुलीने उघड्या मोटरकडे बोट दाखवून आत 'वाइंडिंग' आहे, असे सांगितले. तिचे वडील मोटर रिवाइंडिंगचे काम करीत होते. शिक्षकांनी तिला 'कुंडल' असा शब्द सुचवला. तो बरोबरच होता. परंतु मुलीचा शब्द चूक असल्यासारखा बाजूला पडला, ही खंत लेखकाच्या मनात राहिली. तिच्या घरातील ज्ञान शाळेच्या उंबऱ्यापर्यंत आले होते आणि आम्ही त्यास आत घेतले नाही. त्या वेळी लेखकही गप्पच राहिला.

दांडे मोडतात, ही अडचण खरी आहे. लेखकाने पाहिलेल्या एका विज्ञान केंद्रात हाताने फिरवावयाच्या पाच वस्तूंपैकी तिन्हींवर 'बंद आहे' अशी पाटी होती आणि बटणाच्या वस्तू मात्र चालू होत्या. मुले दांडा जोराने फिरवतात, उलट फिरवतात, त्यावर लोंबकळतात. दुरुस्तीचा खर्च, कारागिराची अनुपलब्धता आणि निविदेची प्रक्रिया या कारणांनी व्यवस्थापन हळूहळू बटणाकडे झुकते. म्हणजे बटणाचा विजय हा शिक्षणशास्त्राचा निर्णय नसून देखभाल विभागाचा असतो. ज्या कागल परिसरात बेअरिंग बसवणारे, शाफ्ट खरादणारे हात जागोजागी आहेत तेथे ही अडचण इतकी दुस्तर वाटू नये.

सायकलचा डायनामो

आपल्याकडे दांड्याचे लोकशिक्षण संग्रहालयाविना एकदा होऊन गेले आहे. सायकलचा डायनामो आठवावा. अंधार पडल्यावर डायनामो चाकाला टेकवला की पायडल जड होत असे. काही भाग रबरावरील घर्षणाचा होता हे मान्य, परंतु दिव्याचा भारही त्यात होता. चढ आला की स्वार डायनामो उचलून ठेवी, कारण प्रकाशापेक्षा पायांची बचत त्या क्षणी महत्त्वाची असे. पहाटे दुधाच्या किटल्या लावून गावातून शहराकडे येणाऱ्या सायकलस्वाराला ऊर्जेच्या अक्षय्यतेचे सूत्र माहीत नसेल, पण प्रकाश फुकट नाही हे त्याच्या पोटऱ्यांना माहीत होते. दुचाकी वाहने स्वस्त झाली, डायनामो भंगारात गेला आणि त्याबरोबर हे ज्ञानही गेले.

आकड्यांनी हाच मुद्दा अधिक स्पष्ट होतो. सुदृढ माणूस पायडल मारून बराच वेळ सुमारे १०० वॅट शक्ती देऊ शकतो. एक युनिट वीज म्हणजे १००० वॅट एक तासभर. याचा अर्थ दहा तास अखंड पायडल मारल्यावर एक युनिट होईल आणि जनित्रातील तूट धरल्यास त्याहून कमीच. आता त्याच युनिटाकडे पाण्याच्या बाजूने पाहू. पोफळीस पाणी साधारण पावणेपाचशे मीटर उंचीवरून येते. त्या उंचीवरून १००० लिटर पाणी, म्हणजे घराच्या गच्चीवरील काळ्या टाकीएवढे पाणी, खाली आले की तूट वजा जाता एक युनिटाहून थोडी अधिक वीज मिळते. तेच पाणी समजा केवळ तीस मीटर उंचीवरून पडले तर एका युनिटासाठी सुमारे १५,००० लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे दीड टँकर लागतील. सह्याद्रीचा कडा हा वीजनिर्मितीत कोणता भाग उचलतो, हे या एका तुलनेतून सहावीतील मुलालाही उमगते. त्यासाठी आकृतीची गरज नाही. टाकी आणि टँकर हे दोन्ही त्याच्या परिचयाचे आहेत.

संग्रहालयात नसलेली गावे

येथे मिलरच्या प्रचारहेतूकडे परत येणे प्राप्त आहे. दांडा जड होतो, म्हणजे विजेची किंमत कोणीतरी मोजतो. संग्रहालयाच्या टेबलावर ती किंमत मुलाचा हात मोजतो. प्रत्यक्षात ती कोणी मोजली, याविषयी वीजनिर्मितीची दालने बहुधा मौन पाळतात. प्रतिकृतीतील धरणामागे निळा रंग असतो आणि त्या निळ्या रंगाखाली काहीही नसते.

महाराष्ट्राचा जलविद्युतेचा इतिहास असा रिकामा नाही. टाटांचे खोपोलीचे वीजगृह १९१५ मध्ये सुरू झाले आणि मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. त्यानंतरच्या मुळशी प्रकल्पाविरुद्ध मावळातील शेतकऱ्यांनी १९२१ मध्ये सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' ही उपाधी याच लढ्यातून मिळाली. लढा अयशस्वी ठरला, धरण झाले आणि भिरा येथील वीजगृह १९२७ मध्ये सुरू झाले. धरणग्रस्तांचा जगातील आरंभीच्या संघटित लढ्यांपैकी हा एक आहे. तो आपल्या इतिहासाच्या अभ्यासक्रमात येतो, विज्ञानाच्या नाही. कोयनेच्या शिवसागर जलाशयाने सुमारे शंभर गावांना झळ पोहोचवली. तेथील कुटुंबे सांगली, सोलापूर, रायगड, ठाणे अशा दूरच्या जिल्ह्यांत विखुरली आणि त्यांच्या पुनर्वसनाचे प्रश्न पुढील पिढ्यांनाही पुरले. शिवाय कोयनेचे पाणी स्वभावतः पूर्वेकडे कृष्णेला मिळणारे. विजेसाठी ते पश्चिमेकडे वळवले जाते, कोकणात वाशिष्ठीला मिळते आणि पुढे समुद्रास जाते. कृष्णा पाणीतंटा लवादाने या वळवण्यास ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली. पूर्वेकडील दुष्काळी तालुक्यांतील शेतकरी या आकड्याकडे कोणत्या नजरेने पाहत असेल, हे वेगळे सांगावयास नको.

येथे जलविद्युतेविरुद्ध निकाल देण्याचा हेतू नाही. कोयनेविना महाराष्ट्राचे औद्योगिकीकरण आणि पर्यायाने कागलची वसाहतही कशी झाली असती, याची कल्पना करणे कठीण आहे. आक्षेप आहे तो अर्धवट शिक्षणावर. हाताळणीचे संग्रहालय मुलाच्या हाताला भार जाणवू देते आणि लगेच तो भार केवळ भौतिकशास्त्राचा असल्याचे भासवते. विज्ञानाच्या शिक्षकाने इतिहासाच्या शिक्षकास आणि इतिहासाच्या शिक्षकाने विज्ञानाच्या शिक्षकास आपल्या दालनात बोलावल्याशिवाय हे अर्धवटपण जाणार नाही. महाविद्यालयांतील शाखांच्या भिंती पाहता हे बोलावणे कोणी कोणास द्यावे, हाच प्रश्न प्रथम उभा राहील.

एका खोलीविषयी

मोठ्या विज्ञान केंद्राची मागणी करणे सोपे आहे आणि ती पूर्ण होण्याची वाट पाहणे त्याहून सोपे. प्रस्तुत लेखकाची सूचना एका खोलीपुरती आहे. ती वसाहतीच्या लगत, मुले चालत येतील अशा अंतरावर असावी. तीत प्रथम सायकल असावी, तिला जुना डायनामो आणि चढावर तो उचलून ठेवण्याची मुभाही. भाराचे दिवे असलेला दांडा असावा आणि तो मोडेल हे गृहीत धरून दुसरा तयार ठेवावा. निकामी झालेल्या जनित्राचा एक संच मधोमध कापून ठेवावा, त्यावरील प्रत्येक पाटीवर दोन शब्द लिहावेत, एक पुस्तकातील आणि एक यंत्रशाळेतील. 'कुंडल' आणि त्याखाली तेवढ्याच अक्षरांत 'वाइंडिंग'. 'घूर्णक' आणि त्याखाली 'रोटर'. दाराशी १००० लिटरची काळी टाकी असावी आणि तिच्यावर पोफळीचे गणित रंगवावे. एका भिंतीवर राधानगरी, काळम्मावाडी, कोयना आणि मुळशी या धरणांचे नकाशे असावेत. पाण्याखाली गेलेल्या गावांची नावे त्या नकाशांवर, निळ्या रंगाच्या आत, लिहिलेली असावीत. बगॅसची मूठभर पिशवीही चालेल. कागलच्या मुलाला तिचा वास ओळखीचा असतो.

खोलीत मार्गदर्शक कोण, हा खर्चाचा प्रश्न राहतो. तासाभराच्या मानधनावर वसाहतीतील कामगारांना बोलावता येईल, विशेषतः रिवाइंडिंग करणाऱ्यांना आणि खराद चालवणाऱ्यांना. विजेच्या भारनियोजनासाठी औद्योगिक साप्ताहिक सुट्ट्या वेगवेगळ्या वारी देण्याची पद्धत महाराष्ट्रात रूढ झाली, त्यामुळे कारखान्याची सुट्टी रविवारीच असते असे नाही. कारखाना बंद आणि शाळा चालू असा वार त्यामुळे सापडू शकतो. खोली निदान त्या वारी उघडी असावी, म्हणजे वर्गाबरोबर आलेल्या मुलीला जनित्राच्या कापलेल्या भागाशी उभे असलेले तिचे वडील भेटतील.